विश्लेषण : ‘वकट, लेंड, मूंड’ला अर्थ आहे का? विटी-दांडूतल्या ‘निरर्थक’ शब्दांचा माग कसा काढायचा?

कोपरगाव : विटी-दांडू खेळलेल्या पिढीतल्या कुणालाही ‘वकट’नंतर काय, असे विचारले तर उत्तर तोंडावर येते. लेंड, मूंड, नाल. पण वकट म्हणजे काय, असे विचारले की बहुतेक जण थांबतात. ‘तसंच म्हणतात’ एवढेच उत्तर मिळते. लहानपणी शेकडो वेळा उच्चारलेला आणि तरीही अर्थ ठाऊक नसलेला असा हा शब्द आहे. या शब्दांचा माग काढता येतो, आणि तो गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली तेलुगू मुलखापर्यंत जातो. मात्र तिथवर पोहोचण्याची रीत नीट समजून घेतली नाही, तर कुठल्याही शब्दाला कुठलाही अर्थ चिकटवता येतो. आणि हल्ली तेच जास्त होते आहे.

हे शब्द खेळात कुठे येतात?

जमिनीत लहानशी गल खणायची, तिच्यावर विटी आडवी ठेवायची आणि दांडूने कोलायची. समोरच्यांनी झेल घेतला तर गडी बाद. झेल गेला नाही, तर पुढे टोला मारायचा आणि विटी जिथे पडेल तिथपासून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे. ही मोजणी एक, दोन, तीन अशी होत नाही. दांडू टेकवत टेकवत वकट, लेंड, मूंड, नाल अशी ती पुढे सरकते. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्यावर पुढचा टोला शरीराच्या कुठल्या भागावर विटी ठेवून मारायचा, ते ठरते. पायावर, मुठीवर, डोळ्यावर असे त्याचे प्रकार असतात.

ही माळ बहुतेक ठिकाणी सात शब्दांची असते. एका प्रचलित रूपात ती वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झक्कू अशी आहे. दुसऱ्या गावात लेंडच्या जागी ‘रेंड’ ऐकू येतो, सहाव्या जागी ‘वाय’ येतो, झक्कूचा ‘झकू’ होतो. हे फरक किरकोळ वाटतात. पण अर्थ शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त मदत याच फरकांची होते.

मराठीतच अर्थ शोधला तर काय हाती लागते?

पहिला मोह मराठीतच अर्थ शोधण्याचा होतो आणि तो सहज पुराही होतो. मूंड म्हणजे मुंडके. नाल म्हणजे घोड्याच्या टापेला ठोकतात तो. आर म्हणजे बैल हाकायच्या पराणीचे लोखंडी टोक. वेद तर सर्वांना माहीत. लेंडचे नाते लेंडीशी जोडायला कुणाला वेळ लागणार नाही. आता यांना एका दोऱ्यात ओवून गोष्ट रचायची. घोडा, बैल, डोके, युद्ध आणि शेवटी वेद! एखाद्या लढाईची आठवण मुलांच्या खेळात उरली आहे, असे म्हणून मोकळे व्हायचे. मोबाइलवर ही गोष्ट तासाभरात तालुकाभर फिरेल.

अडचण अशी की या गोष्टीत ‘वकट’ बसत नाही, ‘झक्कू’ बसत नाही आणि हे शब्द याच क्रमाने का येतात, तेही कळत नाही. हे शब्द खेळात मोजण्यासाठी वापरले जातात, ही सगळ्यात ठळक गोष्ट तर या अर्थाने बाजूलाच ठेवलेली असते. शब्द जे काम करतो त्या कामापासून सुरुवात केली नाही, तर अर्थ भरकटतो.

मग उत्तर कुठे सापडते?

शब्द मोजणीचे आहेत, म्हणून ते आकडे असतील असे आधी धरून चालावे आणि शेजारच्या भाषांचे आकडे शेजारी मांडून पाहावेत. तेलुगूत एक ते सात हे आकडे असे आहेत : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु. मराठी माळेतले पहिले चार शब्द तेलुगूच्या पहिल्या चार आकड्यांशेजारी ठेवले की वेगळे काही सांगावे लागत नाही. वकट–ओकटि, रेंड–रेंडु, मूंड–मूडु, नाल–नालुगु.

यात कुठेही ओढाताण करावी लागत नाही. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर गळणे ही मराठीची जुनीच सवय आहे. संस्कृतातल्या ‘रात्रि’ची मराठीत ‘रात’ झाली ती याच सवयीने. तोच एक नियम लावला की ओकटिचे ओकट, रेंडुचे रेंड आणि आरुचे आर होते. सुरुवातीच्या ‘ओ’चा ‘व’ का झाला, याचेही उत्तर तेलुगूतच आहे. बोलताना तिथे ‘ओकटि’चा उच्चार पुष्कळदा ‘वोकटि’ असा होतो. ‘र’चा ‘ल’ होणे तर लहान मुलांच्या तोंडी रोजच घडते आणि ‘रेंड’ हे रूप काही गावांत शिल्लक असल्याने मूळ अक्षर कोणते होते, तेही कळते.

एका अक्षराने अर्थ फिरतो, हे कोपरगावला वेगळे सांगायला नको. ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याची आख्यायिका ज्यांच्या घराण्याला कायमची चिकटली, त्या राघोबादादांचे अखेरचे दिवस याच गावात गेले आणि १७८३ मध्ये त्यांचा मृत्यूही इथेच झाला. त्या गोष्टीत अक्षर मुद्दाम बदलले. इथे ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी आपोआप बदलले. अर्थ मात्र दोन्हीकडे हरवला.

तेलुगूच का, कन्नड किंवा तमिळ का नाही?

इथे जरा सावकाश जायला हवे. ‘नाल’ एकट्याने काहीच ठरवत नाही. कन्नडचा नाल्कु आणि बोलीतल्या तमिळचा नालु हेही त्याला तितकेच जवळचे आहेत. ‘रेंड’ कन्नडच्या एरडुपेक्षा तेलुगूच्या रेंडुला जवळचा आहे, पण बोलताना तमिळ माणूसही इरंडुचे रेंडु करतो. म्हणजे या दोन शब्दांवरून एवढेच म्हणता येते की माळ द्राविडी भाषांपैकी एकीतली आहे.

खरा निकाल ‘वकट’ देतो. एकासाठी कन्नडमध्ये ओंदु आहे, तमिळमध्ये ओन्ऱु किंवा बोलीत ओण्णु. यापैकी कशातूनही ‘कट’ हे अक्षर येऊ शकत नाही. ते फक्त तेलुगूच्या ओकटिमध्ये आहे. चारही शब्द एकाच वेळी ज्या भाषेत बसतात, ती या तिघींत एकटी तेलुगू आहे.

‘मूंड’मधला अनुस्वार सुरुवातीला खटकतो, कारण आजच्या तेलुगूत ‘मूडु’ आहे, अनुस्वार नाही. पण जुन्या तेलुगू लेखनात हाच आकडा अर्धानुस्वारासह लिहीत असत. एकेकाळी तिथे नासिक्य उच्चार होता, त्याची ती खूण आहे. त्यामुळे मूंड हे रूप बरेच जुने असण्याची शक्यता उरते. दुसरी शक्यताही तितकीच साधी आहे. लेंडच्या पाठोपाठ येणाऱ्या शब्दाने त्याचाच ताल उचलला असेल. दोन्हींपैकी एकच खरी ठरवायला जुनी लेखी नोंद लागेल. अनुस्वारावरून काळ सांगून टाकणे घाईचे होईल.

हा निव्वळ योगायोग नसेल कशावरून?

प्रश्न रास्त आहे. दोन भाषांतले एखाददोन शब्द सारखे दिसणे ही अगदी साधी गोष्ट आहे. इंग्रजीतला ‘बॅड’ आणि फारसीतून मराठीत ‘बदनाम’मधून आलेला ‘बद’ यांचा अर्थ एक, उच्चारही जवळचा. तरीही त्यांच्यात काही नाते नाही. भाषाशास्त्राच्या वर्गात योगायोगाचे उदाहरण म्हणून ही जोडी नेहमी सांगितली जाते.

म्हणून एका शब्दावर विसंबायचे नसते. चार वस्तू एका रांगेत २४ प्रकारे मांडता येतात. त्यातली एकच मांडणी तेलुगू क्रमाशी जुळते, आणि मराठी माळेत नेमकी तीच आहे. शिवाय प्रत्येक शब्दाचा उच्चार जुळतो, तो जुळण्यासाठी एकाच प्रकारचे बदल पुरतात आणि शब्दांचे कामही मोजणीचेच आहे. इतक्या गोष्टी एकदम योगायोगाने जुळणे अवघड आहे.

खेळात आकड्यांना वेगळे रूप मिळणेही नवे नाही. पत्त्यांत आपण दोन, तीन, चार म्हणत नाही. दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की म्हणतो. बंगालमध्ये विटी-दांडूच्या भावंडाला डांगुली म्हणतात. तिथेही अंतर मोजताना रोजच्या बंगाली आकड्यांपेक्षा वेगळे शब्द येतात. मराठी माळेचे वेगळेपण इतकेच की तिचे आकडे घरचे नसून शेजारचे आहेत.

काय बसत नाही?

पाचव्या शब्दापासून गाडी अडखळते. तेलुगूत पाच म्हणजे ऐदु आणि सहा म्हणजे आरु. मराठी माळेत ‘आर’ पाचव्या जागी येतो. मग सहाव्या जागेवरचा ‘वेद’ हा ऐदु असेल का? ओकटिचे वकट झाले, तसे ऐदुचे वेद होणे अशक्य नाही. तसे असेल तर पाच आणि सहा यांची अदलाबदल झाली आहे. अर्थ माहीत नसलेल्या शब्दांच्या माळेत असे सहज घडते. ज्याला पाच आणि सहा कळतात तो त्यांचा क्रम चुकवत नाही. ज्याच्यासाठी ते नुसते नाद आहेत, त्याला ‘नाल, आर’ काय आणि ‘नाल, वेद’ काय, सारखेच. दुसरी शक्यता म्हणजे ऐदु मधून गळाला आणि आर एक घर पुढे सरकला. मग ‘वेद’ किंवा ‘वाय’ कुठून आले, हे वेगळे शोधावे लागेल.

सातवा ‘झक्कू’ तर तेलुगूच्या एडुच्या आसपासही नाही. तो माळेचा शेवट आहे, डाव पुरा झाल्याची आरोळी आहे. अशा जागी मुले स्वतःचा शब्द बसवतात. म्हणून त्याचा अर्थ आकड्यांत शोधायचा आग्रह धरू नये.

या त्रुटी लपवायच्या नसतात. सातही शब्दांचा सफाईदार अर्थ लावून देणाऱ्यापेक्षा चार पक्के, दोन संशयित आणि एक बाहेरचा असा हिशेब देणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवावा.

तेलुगू आकडे गोदाकाठी आले कसे?

नकाशा पाहिला तर आश्चर्य कमी होते. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी कोपरगाव, पुणतांबा, पैठण, नांदेड करत तेलंगणात शिरते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्रात समुद्राला मिळते. पैठण ही सातवाहनांची राजधानी होती आणि पुराणे त्याच राजांना आंध्र म्हणतात. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली, धर्माबाद भागात मराठी आणि तेलुगू आजही एकाच बाजारात ऐकू येतात.

शिवाय माणसेही आली. दगड फोडणाऱ्या, मातीकाम करणाऱ्या वडार समाजाची बोली तेलुगूच्या घरातली आहे. अहिल्यानगर शहरात आणि सोलापुरात हातमागावर पिढ्या घालवलेला पद्मशाली समाज तेलुगू मातृभाषेचा. मुंबईच्या कामाठीपुऱ्याला नाव मिळाले ते तिथे आलेल्या तेलुगू कामाठी मजुरांमुळे. धरणावर, रस्त्यावर, मागावर मोठी माणसे काम करत असताना त्यांची मुले गावातल्या मुलांबरोबर खेळत असणार. खेळात शब्दांची देवघेव शाळेपेक्षा लवकर होते.

पण माळ नक्की यांच्यापैकी कुणाकडून आली, की त्याहून कितीतरी आधीपासून इथे होती, हे नुसत्या साम्यावरून ठरत नाही. मराठीत द्राविडी शब्दांचा थर फार खोल आहे. आपण रोज खातो ते तूप कन्नडमध्ये ‘तुप्प’ आहे. अडकित्ता हा कन्नडच्या ‘अडके’ म्हणजे सुपारी आणि ‘कत्ति’ म्हणजे सुरी यांच्या जोडीतून आलेला. पोटाला तेलुगूत ‘पोट्ट’ म्हणतात. अण्णा, अक्का, अप्पा तर घरोघरी आहेत. टी. बरो आणि एम. बी. एमेनो यांनी १९६१ मध्ये द्राविडी व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला, तेव्हापासून असे शब्द पारखून घेण्याचे साधन हाताशी आहे.

असे फक्त मराठीतच झाले का?

नाही. उत्तर इंग्लंडमध्ये मेंढ्या मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. तिचे शब्द यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिम्प असे काहीसे असून खोऱ्याखोऱ्याला ते बदलतात. इंग्रजी माणसाला ते निरर्थक वाटतात. पण वेल्श भाषेत पाचाचा उच्चार ‘पिम्प’ असाच आहे आणि दहाला ‘डेग’ म्हणतात, तर मेंढ्यांच्या मोजणीत दहाला ‘डिक’. इंग्रजीच्या आधी तिथे बोलल्या जाणाऱ्या केल्टिक भाषेचे हे आकडे मेंढपाळांच्या आणि मुलांच्या तोंडी उरले, असे १९व्या शतकातल्या अभ्यासकांना वाटले.

पुढच्यांनी त्यावर शंका घेतली. हे शब्द हजार-दीड हजार वर्षे तिथेच टिकले, की नंतर वेल्स किंवा स्कॉटलंडकडून पुन्हा आले? वाद मिटलेला नाही. म्हणजे आकडे कुठल्या कुळातले आहेत हे कळले, तरी ते कधी आले हे कळेलच असे नाही. वकट-लेंडबाबतही नेमका तोच धडा घ्यायचा आहे.

प्रत्येक निरर्थक शब्दाला अर्थ असतोच का?

हा वाद भारतात अडीच हजार वर्षांच्या आसपास जुना आहे. वेदांतल्या दुर्बोध शब्दांचा अर्थ लावणाऱ्या ‘निरुक्त’ या ग्रंथात यास्काचार्य कौत्स नावाच्या आचार्यांचे मत नोंदवतात. मंत्रांना अर्थच नसतो, असे कौत्सांचे म्हणणे. पुराव्यादाखल अर्थ न लागणारे शब्दही त्यांनी पुढे केले. यास्क उलट बाजूने उभे राहिले. अर्थ दिसत नसेल तर उणीव पाहणाऱ्याची आहे, शब्दाची नव्हे, असा त्यांचा रोख. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ‘जर्भरी’, ‘तुर्फरीतू’ या शब्दांची चार्वाकांनी थट्टा केली, तर निरुक्ताने त्यांचाही अर्थ लावून दाखवला.

कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कच-देवयानीची कथा इथे सांगितली जाते आणि ‘संजीवनी’ हे नाव इथल्या संस्थांच्या पाट्यांवर आहे. त्या कथेतला मंत्र मेलेल्याला उठवतो. त्याचा अर्थ काय, असे ऐकणारा कधी विचारत नाही, कारण मंत्राचे काम अर्थावाचून चालते. विटी-दांडूच्या माळेचेही तसेच. सात टप्पे मोजायला सात वेगळे नाद पुरतात. म्हणूनच अर्थ विसरला तरी शब्द टिकले.

यास्कांची जिद्द मोठी होती, पण तिच्यात धोकाही होता. दुसरा आधार नसेल तर एखाद्या अक्षराच्या साम्यावरूनही अर्थ लावावा, पण शब्द तसाच सोडू नये, अशी मुभा निरुक्त देते. ही मुभा घेतली की जगातला कुठलाही शब्द कशातूनही काढता येतो. जादूगारांच्या ‘होकस पोकस’चे उदाहरण घ्या. लॅटिन प्रार्थनेतल्या शब्दांची ती टवाळी आहे, असे जॉन टिलट्सन या इंग्रज धर्मगुरूने १६९४ मध्ये सुचवले. ही गोष्ट इतकी चपखल आहे की तीनशे वर्षे लोक ती सांगत आहेत. तिला पुरावा मात्र मिळालेला नाही.

मराठीत हा ध्यास विश्वनाथ खैरे यांनी घेतला. पेशाने अभियंता असलेल्या खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’, ‘अडगुलं मडगुलं’ अशा पुस्तकांतून मराठी लोकपरंपरेतल्या कोड्यांसारख्या शब्दांचा अर्थ तमिळच्या आधारे लावला. त्यांची सगळी मते अभ्यासकांनी मान्य केली असे नाही. तरी ज्या शब्दांकडे ‘बडबड’ म्हणून कुणी पाहत नव्हते, ते अभ्यासाच्या टेबलावर आणण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते.

धोका किती जवळ आहे, हे पाहायला कोपरगाव हे नावच पुरे. कोपर म्हणजे हाताचा सांधा, म्हणून नदीच्या वळणावरचे गाव, असे कुणालाही सुचेल. पण कोपर म्हणजे पूजेत वापरतात ते पसरट ताटही. मग तांबटांचे गाव म्हणायचे का? दोन्ही अर्थ ऐकायला बरे वाटतात आणि जुन्या कागदात गावाचे नाव कसे लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय दोन्ही सारखेच निराधार आहेत.

चुकीचा अर्थ लावला तर बिघडते काय?

वरवर पाहता काहीच नाही. पण शब्दांचा उगम हा आज निव्वळ कुतूहलाचा विषय उरलेला नाही. कोण इथले, कोण बाहेरचे, कुणाची भाषा मूळची, हे वाद शब्दांच्या खांद्यावर बंदूक ठेवून लढले जातात. एका बाजूला सगळे काही संस्कृतातून आल्याचे सांगणारे संदेश फिरतात, दुसऱ्या बाजूला सगळे काही द्राविडी असल्याचे. दोन्हीकडची रीत एकच असते. एक शब्द उचलायचा, दिसायला सारखा दुसरा शोधायचा आणि मधल्या हजार वर्षांवरून उडी मारायची.

त्यात आता चॅटबॉटची भर पडली आहे. अशा यंत्राला अनोळखी शब्दाचा अर्थ विचारला की ते अनेकदा आधार नसतानाही ओघवते, आत्मविश्वासाने भरलेले उत्तर तयार करते. मराठी बोलींचा, खेळांचा लिखित मजकूर मुळात थोडा. त्यामुळे तपासून पाहायला दुसरे काही सापडत नाही. मग तेच उत्तर कुणीतरी लेखात टाकते आणि पुढच्या वेळी तोच लेख पुरावा म्हणून दाखवला जातो.

वकट-लेंडचा अर्थ नीट लागला तर दिसते ते वेगळेच. वडार वस्तीतली किंवा विणकरांच्या आळीतली भाषा ज्यांना परकी वाटत होती, त्यांची स्वतःची मुले त्याच भाषेत मोजत होती. तेही गावाच्या मधोमध, कुणाला पत्ता न लागता. एवढे कळले तरी ‘बाहेरचे’ हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळेल.

मग आता काय करायला हवे?

पहिले काम नोंदीचे. अर्थाचा क्रमांक त्यानंतर. माळेतले चार शब्द उलगडले ते तिची वेगवेगळी रूपे शिल्लक असल्यामुळे. ‘रेंड’ म्हणणारे एक गाव नसते तर ‘लेंड’वर अडून बसावे लागले असते. पाचव्या-सहाव्या शब्दाचा घोळही असाच सुटू शकतो. ‘आर’ सहाव्या जागी म्हणणारी गावे किती आणि कुठे, हे कळले की अदलाबदल झाली की गळती, याचा अंदाज येईल. तेलंगणाच्या सीमेकडे जाताना माळ तेलुगूच्या अधिक जवळ जाते का, हेही तपासता येईल. जात असेल तर वाट नदीकाठची. सगळीकडे सारखीच असेल तर वाट दुसरी शोधावी लागेल.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. राज्य मराठी विकास संस्था आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी महाराष्ट्रातल्या बोलींचे सर्वेक्षण करून गावोगावचे आवाज नोंदवले आहेत. त्या धर्तीवर खेळांच्या शब्दांची एक पुरवणी सहज होऊ शकते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले. अभिजात म्हणजे ताम्रपट आणि पोथ्या, ही समजूत मोडायची तर गलीवर टेकवलेल्या दांडूपासूनही सुरुवात करता येईल.

शाळांनाही हे जमण्यासारखे आहे. सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या आजी-आजोबांना चार प्रश्न विचारावेत. माळेतले शब्द कोणते, क्रम कोणता, कुठल्या गावी शिकलात, कुठल्या शब्दाला कुठला टोला? उत्तर ऐकून ‘सुधारायचे’ नाही. कुणी ‘लेंड’ म्हटले तर लेंड लिहायचे, ‘रेंड’ म्हटले तर रेंड. आवाज मोबाइलवर नोंदवून ठेवायचा. एका तालुक्यातल्या शाळांनी एवढे केले तरी आज कुठल्याही कोशात नसलेली माहिती जमा होईल.

घाई करण्याचे कारण उघड आहे. मैदानावर आता क्रिकेट आहे आणि हातात मोबाइल. ही माळ तोंडपाठ असलेली पिढी बहुतांशी साठीच्या पलीकडे गेली आहे. मंत्र विसरला तर तो पोथीत सापडतो, कायदा विसरला तर राजपत्रात. वकट, लेंड, मूंड यांची पोथी म्हणजे ही माणसेच आहेत. अर्थ पाच वर्षांनी लागला तरी चालेल. शब्द मात्र याच उन्हाळ्यात लिहून घ्यायला हवेत.